धुराचा जमाखर्च

शेतकऱ्याच्या घरीं हिशेब नसतो असें म्हणण्याची जुनी चाल आहे. परंतु ती पुरी खरी नाहीं. बियाणें किती पडलें, पोतीं किती झालीं, बैलांस वैरण किती लागली, मजुरांस काय द्यावें लागलें, हा हिशेब प्रत्येक जाणता कुणबी निदान तोंडीं तरी ठेवतोच. ज्या एका वस्तूचा हिशेब तो ठेवीत नाहीं ती म्हणजे हवा. हवेवर सारा नाहीं, पाणीपट्टीसारखी हवापट्टी नाहीं, आणि ती बाजारांतून आणावीही लागत नाहीं. यामुळें ती बिघडली असतां कोणाच्या खातीं काय खर्च पडला हें पाहाण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाहीं. तो खर्च मात्र पडतच असतो. आणि तो मृत्यूंच्या नोंदवहींत रोजच्या रोज पडत असतो, हें आमच्या वाचकांस दाखवून त्यावरून आपलें कर्तव्य काय ठरतें तें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. शिक्षण मराठी शाळेंतलें. वैद्यकाचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु नोंदवही कशी वाचावी एवढें त्या नोकरीनें शिकविलें. पावसाचीच गोष्ट घ्या. मंडळामंडळांतून त्याचा आंकडा रोज घेतला जातो. एका दिवसाच्या आंकड्यानें कांहींच उमगत नाहीं. पण दहा-वीस वर्षांचे आंकडे एकाखालीं एक मांडले म्हणजे कोणत्या नक्षत्रांत काय भरंवसा धरावा हें स्पष्ट होतें. मृत्यूंच्या नोंदींविषयीं मात्र अशी समजूत आढळते कीं, महिन्याची बेरीज करून ती वर पाठविली म्हणजे काम संपलें. याच नोंदी दिवसवार मांडल्या, आणि प्रत्येक दिवसाशेजारीं त्या दिवशींच्या हवेंतील धुळीचा आंकडा लिहिला, तर काय दिसतें? हें पाहाण्याचें काम गेल्या तीस-चाळीस वर्षांत निरनिराळ्या देशांतील संशोधकांनीं चिकाटीनें केलें आहे. त्यांतून जें निघालें तें शेतकऱ्याच्या ऐकण्यासारखें आहे.

प्रथम धूळ कोणती तें सांगितलें पाहिजे. नांगरटींत किंवा मळणींत उडणारी माती बहुतेक जाड असते. ती नाकांत व घशांत अडकते, शिंकेनें वा कफानें बाहेर पडते. ती अगदीं निरुपद्रवी असें नव्हे, पण आमचा विषय ती नव्हे. लांकूड, कोळसा, तेल, गवत किंवा पाचट जळतांना जो धूर निघतो त्यांतील कण याहून पुष्कळ बारीक असतात. अडीच मायक्रॉनपेक्षां लहान अशा कणांस शास्त्रज्ञ पीएम २.५ असें नांव देतात. हा अडीच मायक्रॉन म्हणजे माणसाच्या केंसाच्या जाडीचा सुमारें तिसावा भाग. असे कण नाकांत थांबत नाहींत. ते फुप्फुसाच्या शेवटच्या पोकळींपर्यंत जातात, आणि अतिशय बारीक असतील ते रक्तांतही उतरतात. तोंडाला उपरणें गुंडाळलें म्हणजे झालें असें आपण समजतों, परंतु साधें कापड या कणांस फारसें अडवीत नाहीं. ही धूळ एका घनमीटर हवेंत किती मायक्रोग्रॅम आहे यावरून मोजतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आपल्या देशांत २००९ सालीं ठरलेली मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीस ६० व वर्षाच्या सरासरीस ४० मायक्रोग्रॅम अशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं सुचविलेली मर्यादा अनुक्रमें १५ व ५ अशी आहे.

धुरानें माणसें मरतात हें जगाच्या ध्यानांत आलें तें एका मोठ्या प्रसंगानें. १९५२ सालच्या डिसेंबरांत ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत लंडन शहरावर दाट धुकें बसलें. वारा पडला होता. वरच्या उबदार हवेचें जणूं झाकण झालें. आणि घरोघरच्या शेगड्यांतील व वीजकेंद्रांतील दगडी कोळशाचा धूर त्याखालीं कोंडला. त्याच दिवसांत त्या शहरांत स्मिथफील्डचें प्रसिद्ध जनावरांचें प्रदर्शन भरत होतें. देशभरचे शेतकरी आपलीं निवडक जनावरें घेऊन आले होते. तीं जनावरें धापा टाकूं लागलीं. कांहीं मेलीं, कांहींना मारून टाकावें लागलें. जनावरांचे हाल लोकांनीं डोळ्यांनीं पाहिले. माणसांवर काय गुदरलें तें मात्र नोंदवह्यांची बेरीज झाल्यावर कळलें. १३ डिसेंबर रोजीं संपलेल्या आठवड्यांत बृहत् लंडनमध्यें ४,७०३ मृत्यु नोंदले गेले. आदल्या वर्षीं त्याच आठवड्यांत ते १,८५२ होते. एकंदर सुमारें ४,००० माणसें अधिक मेलीं असा पहिला अंदाज झाला. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणींत पुढील दोन-तीन महिन्यांतील अधिक मृत्यु धरून तो आंकडा १२,००० च्या आसपास गेला. ब्रिटिश पार्लमेंटानें १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा केला तो या प्रसंगानंतर.

लंडनचें धुकें असाधारण होतें, म्हणून तें डोळ्यांत भरलें. खरा प्रश्न पुढचा होता. ज्या दिवशीं धुकें नाहीं, आकाश निळें आहे, लोक आपापल्या कामावर आहेत, अशा साध्या दिवशीं धूळ थोडी अधिक झाली तर कांहीं होतें काय? हें पाहाण्याची रीत फार सोपी व फार शहाणपणाची आहे. एका गांवाची दुसऱ्या गांवाशीं तुलना केली तर शंका राहातात. एका गांवीं गरिबी अधिक, दुसऱ्या गांवीं तंबाखू अधिक, तिसऱ्या गांवीं म्हातारीं माणसें अधिक. परंतु एकाच शहराची त्याच शहराशीं, कालच्या दिवसाची आजच्या दिवसाशीं तुलना केली, तर या शंका गळून पडतात. कारण रात्रींतून शहर गरीब होत नाहीं, आणि रात्रींतून लोक तंबाखूही वाढवीत नाहींत. दिवसागणिक बदलतें तें हवामान, ऋतु, तापाची सांथ आणि धूळ. पहिल्या तिहींचा हिशेब गणितानें वेगळा काढला म्हणजे धुळीचा हिस्सा उरतो. वर्षानुवर्षांच्या हजारों दिवसांची अशी मांडणी केली असतां धूळ चढल्या दिवशीं व त्यापुढील एक-दोन दिवसांत मृत्यूही थोडे चढलेले दिसतात.

किती चढतात? २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहाणींत २४ देशांतील ६५२ शहरांचे आंकडे एकत्र केले होते. पीएम २.५ दर घनमीटरास १० मायक्रोग्रॅमनें वाढलें म्हणजे त्या दिवसांचे मृत्यु शेंकडा ०.६८ नें वाढतात, असें त्यांत निघालें. आपल्या देशाविषयींची पाहाणी २०२४ सालीं प्रसिद्ध झाली. तींत मुंबई, पुणें, दिल्ली, कलकत्ता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद, वाराणसी व सिमला या दहा शहरांतील २००८ ते २०१९ या काळांतील सुमारें ३६ लाख मृत्यूंची दिवसवार मांडणी केली होती. येथें दर १० मायक्रोग्रॅममागें वाढ निघाली ती शेंकडा १.४२. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेबाहेरील धुळीमुळें या दहा शहरांत मिळून दरवर्षीं सुमारें ३३,००० माणसें, म्हणजे एकंदर मृत्यूंपैकीं शेंकडा सात, जातात असा त्यांचा हिशेब आहे. त्यांत मुंबईचीं सुमारें ५,१०० व पुण्याचीं सुमारें १,४०० आहेत.

या पाहाणींत आणखी एक गोष्ट निघाली. ती आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. धूळ अगोदरच फार असलेल्या दिल्लींत दर १० मायक्रोग्रॅममागील वाढ कमी, आणि तुलनेनें स्वच्छ हवेच्या बंगळुरांत ती अधिक दिसली. म्हणजे निर्मळ हवेंत पडलेली पहिली भर अधिक भोंवते. "आमच्याकडे हवा मोकळी आहे, थोड्या धुरानें काय होणार?" असें म्हणणाऱ्या खेड्यांतील माणसानें या आंकड्याचा नीट विचार करावा.

शेंकडा दीड हा आंकडा ऐकून वाचक हंसतील. व्याजाचा दर दरमहा शेंकडा दीड असला तर शेतकऱ्याचें घर कसें बुडतें हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांनीं तरी हंसूं नये. लहान दर मोठ्या मुदलावर लागला म्हणजे काय होतें हें आपणांस सावकारानें शिकविलें आहे. येथें मुद्दल म्हणजे सर्व लोकसंख्या, आणि दर लागतो तो रोज. उदाहरणादाखल एक हिशेब मांडूं. दोन हजार वस्तीच्या गांवीं दर हजारीं सहा या मानानें वर्षाला बारा माणसें जातात. धुरामुळें विसांत एक मृत्यु अधिक होतो असें क्षणभर धरलें, तर त्या गांवांत दोन वर्षांतून एकच मृत्यु अधिक होईल. तो कोणाचा हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. पाटील म्हणेल, आमच्या गांवांत धुरानें कोणी मेलें नाहीं. आणि त्याच्या दृष्टीनें तें खरेंच आहे. पण तीन लाख वस्तीच्या तालुक्यांत वर्षाला १,८०० माणसें जातात. विसांतला एक म्हटला म्हणजे नव्वद झाले. एखाद्या सालीं तालुक्यांत कॉलऱ्यानें नव्वद माणसें गेलीं असतीं तर कचेरींत दिवा रात्रभर जळला असता. येथें नव्वद जातात आणि कोणास कांहीं कळत नाहीं. कारण तीं नव्वद गांवांत विखुरलेलीं असतात, आणि नोंदींत त्यांचें कारण 'वृद्धापकाळ' किंवा 'हृदयविकार' असें पडलेलें असतें.

ही नोंद खोटी असते असें नव्हे. धूर माणसास विषासारखा सरळ मारीत नाहीं. बारीक कणांनीं फुप्फुसांत दाह होतो. त्या दाहाचा परिणाम रक्तवाहिन्यांवर पडतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढते, हृदयाचे ठोके बिघडतात. यामुळें धुळीच्या दिवशीं वाढणारे मृत्यु केवळ दम्याचे नसतात. हृदयविकार व पक्षाघात यांचेही त्यांत पुष्कळ असतात. ज्याचें हृदय अगोदर दुबळें आहे, जो साठी-सत्तरी ओलांडून गेला आहे, त्याच्यावर हा घाव पडतो. गांव म्हणतो, "छातींत कळ आली आणि गेला." कळ कां आली हें कोणी विचारीत नाहीं.

आतां हें सारें शहरवासीयांचें दुःख आहे, शेतकऱ्याचा त्याच्याशीं काय संबंध, असा प्रश्न येईल. संबंध उसाच्या फडांत आहे. गळीत हंगाम आणि थंडी बरोबरच येतात. थंडींत संध्याकाळीं जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार व जड होते, आणि वरच्या उबदार थराखालीं धूर अडकतो. लंडनमध्यें जें मोठ्या प्रमाणावर झालें तेंच लहान प्रमाणावर आपल्या नदीकांठच्या गांवांत मार्गशीर्ष-पौषांत रोज होतें. दिवेलागणीला गांवावर पसरलेली निळसर चादर कोणीं पाहिली नाहीं? त्याच वेळीं तोडणी झालेल्या फडांत पाचट पेटविलें जातें; आणि कांहीं ठिकाणीं तोडणी सोपी जावी म्हणून टोळीच्या आग्रहावरून उभा ऊसच पेटविला जातो.

या धुराचें माप काढून पाहूं. एक चौरस किलोमीटर क्षेत्र, म्हणजे सुमारें अडीचशें एकर, आणि त्यावर शंभर मीटर उंचीपर्यंतची हवा घेतली, तर तेवढ्या हवेंत १० मायक्रोग्रॅमची भर पडण्यास बारीक धूळ किती लागेल? फक्त एक किलो. आतां एक टन पाचट जळतांना दोन-चार किलो तरी बारीक धूळ निघते, आणि हेक्टरी पाचट आठ ते दहा टन पडतें. तेव्हां एका हेक्टरच्या फडांतून वीस-पंचवीस किलो धूळ सहज उठते. वारा असला तर ती पांगते, नसला तर बसून राहाते; पण आपल्या शिवारांत एका संध्याकाळीं एकच फड पेटतो असें थोडेंच आहे? आणि तो धूर प्रथम पोहोंचतो तो मुंबईस नव्हे. फडाच्या बांधावर पाल टाकून राहिलेल्या ऊसतोड कामगारांच्या लेंकरांपर्यंत, आणि आपल्याच ओसरीवर बसलेल्या आईबापांपर्यंत.

झाडपाल्याचा धूर गिरणीच्या धुराइतका वाईट नसतो अशी एक समजूत आहे. तिला आधार नाहीं. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहाणींत ४३ देशांतील ७४९ शहरांचे २००० ते २०१६ या काळांतील आंकडे घेऊन वणव्याच्या धुराचा परिणाम वेगळा काढला होता. वणव्याची बारीक धूळ १० मायक्रोग्रॅमनें वाढली असतां त्या व पुढील दोन दिवसांतील मृत्यु शेंकडा १.९ नें वाढतात, असें तेथें आढळलें. खुद्द उसाच्या धुराविषयीं ब्राझील देशांतील पिरासिकाबा या ऊसप्रधान भागांत तपास झाला. फड जाळण्याच्या हंगामांतील धूळ आणि मुलें व वृद्ध यांचें श्वासरोगांनीं दवाखान्यांत दाखल होणें यांचा संबंध तेथें स्पष्ट दिसला. त्याच साओ पाउलो प्रांतानें २००२ सालीं कायदा करून फड जाळणें टप्प्याटप्प्यानें बंद करण्याचें ठरविलें. तेथेंही ऊसवाले शेतकरी होतेच. त्यांचा धंदा बुडाला नाहीं.

या म्हणण्यावर जे आक्षेप निघतात त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, जीं माणसें जातात तीं जाणारींच होतीं. धुरानें चार दिवस आधीं गेलीं इतकेंच. हें खरें असतें तर धुळीच्या दिवसानंतर पुढील आठवड्यांत मृत्यूंची संख्या तितकीच खालीं आली असती. लंडनमध्यें ती खालीं न येतां पुढील कांहीं आठवडे नेहमीपेक्षां चढलेलीच राहिली. कांहींनीं याचा दोष इन्फ्लुएन्झास दिला, पण पुढील तपासांत धुराचा हिस्सा मोठा ठरला. शिवाय हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं अमेरिकेंतील सहा शहरांतील आठ हजारांवर माणसें चौदा ते सोळा वर्षें पाहाण्यांत ठेवलीं होतीं. १९९३ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, तंबाखू वगैरे कारणें वजा घालूनही सर्वांत धुळकट शहरांतील मृत्यूचें प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षां शेंकडा २६ नें अधिक होतें. तेव्हां हा चार दिवसांचा प्रश्न नव्हे, आयुष्यांतील वर्षांचा आहे.

दुसरा आक्षेप आमच्या वडिलधाऱ्या मंडळींचा. "आम्ही जन्मभर चुलीच्या धुरांत वाढलों, फड जाळले, आणि ऐंशी वर्षांचे झालों." देव त्यांस शंभर वर्षें आयुष्य देवो. परंतु जे ऐंशीपर्यंत पोहोंचले तेच पारावर बसून बोलतात. जे पन्नाशींत गेले ते बोलावयास येत नाहींत. नोंदवहीचें महत्त्व यासाठींच आहे कीं, तींत बोलूं न शकणाऱ्यांचीही साक्ष असते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मोटारी, कारखान्यांचीं धुराडीं, वीटभट्ट्या, शहरांतील कचऱ्याचे ढीग, हीं सर्व धूर ओकतात. त्यांना कोणी पुसत नाहीं, आणि बोट मात्र शेतकऱ्याकडे. हें म्हणणें न्यायाचें आहे. शहरांतील धुळीचा मोठा हिस्सा शहरांतूनच निघतो, आणि तो शेतकऱ्याच्या माथीं मारणें अन्याय आहे. पण दुसऱ्याचें खातें मोठें आहे म्हणून आपलें खातें कोरें होत नाहीं. आपल्या हातांत आगपेटी असतांना कारखान्याच्या धुराड्याविरुद्ध तक्रार करण्यास आपण कोणत्या तोंडानें जावें? जो आपलें अंगण झाडतो त्यालाच शेजाऱ्याच्या उकिरड्याविषयीं बोलण्याचा अधिकार पोहोंचतो.

आपण होऊन हें केलें नाहीं तर काय होतें तें उत्तरेंत पाहावें. पंजाबांत भूगर्भांतील पाणी राखण्यासाठीं २००९ सालीं कायदा करून भाताची लावणी उशिरा करावयास लावली. त्यामुळें भाताची कापणी व गव्हाची पेरणी यांमधील दिवस थोडे उरले, आणि पेंढा जाळण्याची घाई झाली. या अडचणीचा दोष सर्वस्वीं शेतकऱ्याचा नव्हता. दंड मात्र त्याच्या कपाळीं आला. दिल्ली व लगतच्या प्रांतांत नोव्हेंबर २०२४ मध्यें हा दंड दुप्पट करून दोन एकरांखालीं ५,०००, दोन ते पांच एकरांस १०,००० व त्यावर ३०,००० रुपये असा ठरला. कायदा शेतकऱ्याची अडचण ऐकून घेत नाहीं हें आम्ही कचेरींत बसून पाहिलें आहे. तो दारीं येण्यापूर्वीं आपणच मार्ग काढावा हें शहाणपणाचें.

आणि मार्ग तोट्याचा नाहीं. पाचट जाळण्याचीं कारणें आम्ही जाणतों. खोडव्याची फूट लवकर व्हावी, सरींत पाणी धांवावें, उंदीर माजूं नयेत, आणि मजुरी वांचावी. आतां दुसरी बाजू पाहा. आठ टन पाचटांत शेंकडा अर्धा या मानानें चाळीस किलो नत्र असतें; तें जाळलें म्हणजे जवळजवळ सर्व उडून जातें. चाळीस किलो नत्र म्हणजे सुमारें सत्त्याऐंशी किलो युरिया, म्हणजे हल्लींच्या जवळजवळ दोन गोण्या. सेंद्रिय अंश जळतो तो निराळाच, आणि मागें राहिलेली राख वाऱ्यावर जाते. पाचट ठेवल्यास जमिनीची ओल टिकते, एखाद-दुसरी पाळी वांचते, तण दबतें. रीत अवघड नाहीं. बुडखे जमिनीलगत छाटावे. पाचट सरींत सारखें पसरावें किंवा यंत्रानें त्याची कुट्टी करावी. दर टन पाचटास आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट व एक किलो कुजविणारें जिवाणू-खत टाकून पाणी द्यावें. हें नत्र पहिल्याच महिन्यांत पिकास मिळतें असें आम्ही म्हणत नाहीं. कुजण्यास वेळ लागतो. परंतु जमिनीच्या खातीं तें जमा राहातें, धुराच्या खातीं खर्च पडत नाहीं.

अडचण आहे ती एकट्या शेतकऱ्याची. दोन एकरवाल्यास कुट्टीचें यंत्र घेतां येत नाहीं, आणि ऊस लवकर तुटावा म्हणून टोळीपुढें त्याला मान तुकवावी लागते. म्हणून केवळ उपदेश करणें आम्हांस अप्रशस्त वाटतें. आमच्या सूचना चार आहेत. पहिली, आपल्या सोसायटीनें कुट्टीचीं यंत्रें घेऊन सभासदांस पाळीपाळीनें वाजवी भाड्यानें द्यावीं, आणि पहिली पाळी लहान खातेदाराची असावी. दुसरी, साखर कारखान्यानें तोडणीच्या करारांत उभा ऊस न पेटविण्याची अट घालावी, आणि तसा ऊस तोडण्यास लागणारी अधिक मजुरी टोळीस कारखान्यानें द्यावी. ती शेतकऱ्याच्या बिलांतून कापूं नये. तिसरी, धूळ मोजणारें यंत्र बहुतेक शहरांतच असतें; प्रत्येक कारखान्याच्या कार्यक्षेत्रांत एक तरी बसवावें, आणि त्याचा आंकडा पावसाच्या आंकड्याशेजारीं रोज फळ्यावर लिहावा.

चौथी सूचना नोंदवहीची आहे, आणि ती आमच्या मतें सर्वांत स्वस्त आहे. १९६९ च्या कायद्याप्रमाणें मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आंत द्यावी लागते. खेड्यांत ती दिली जाते, पण पुष्कळदां वारसाचा दाखला हवा झाला म्हणजे; आणि तारीख, वय, कारण हीं सर्व अदमासानें सांगितलीं जातात. दिवस चुकला म्हणजे दिवसवार मांडणीच फुकट जाते. वरील पाहाणी दहा मोठ्या शहरांची झाली; खेड्यांची तशी पाहाणी करावयाची तर आधीं आपल्या नोंदी भरंवशाच्या असल्या पाहिजेत. आपल्या घरांतील मृत्यूची खरी तारीख, खरें वय व वैद्यानें सांगितलेलें कारण ग्रामपंचायतींत वेळेवर लिहविणें यास कवडी लागत नाहीं. शेताच्या सातबाऱ्यावर एक गुंठा चुकला तर आपण तालुक्याच्या दहा खेपा घालतों. आपल्या बापाच्या मृत्यूची तारीख चुकली तर ती सुधारण्यास एक खेप घालीत नाहीं, हें बरें नव्हे.

या महिन्यांतच पुढील गळिताचीं बोलणीं सुरू होतील. कुट्टीचीं यंत्रें किती घ्यावीं व तोडणीच्या करारांत कोणती अट घालावी हें टोळ्या येण्यापूर्वींच ठरलें पाहिजे. फड मोकळा झाल्यावर आगपेटी जवळ असते आणि यंत्र दूर. सभासदांनीं येत्या साधारण सभेंत हा विषय पटलावर घेण्याची लेखी मागणी करावी. मागणीवर निदान दहा खातेदारांच्या सह्या असाव्या, म्हणजे ती बाजूस सारतां येणार नाहीं. तोंवर ज्याच्या घरांत दम्याचें वा हृदयाचें माणूस आहे, किंवा तान्हें मूल आहे, त्यानें एवढें तरी करावें कीं, आपल्या बांधाच्या शेजाऱ्यास सामोपचारानें गांठून, यंदा पाचट पेटवूं नका, लागेल तर आमचीं दोन माणसें तुमच्या फडांत पसरावयास येतील, असें सांगावें. आमचा अनुभव असा आहे कीं, हुकुमानें जें होत नाहीं तें अशा सांगण्यानें पुष्कळदां होतें.